सोलापूरचं कबड्डी केंद्र: सर बदलायचे, तर आणायचं कुणाला?

मॅट चांगली, वेळा चांगल्या, पोरं तर जीव तोडून खेळणारी. तरीही पुरुषांचा संघ या हंगामात हातात आलेले सामने घालवतोय. शहराच्या दक्षिण भागातल्या या प्रशिक्षण केंद्राचं नाव इथे घेत नाही. जे तिथे जातात त्यांना कळेलच. पार्क चौकातल्या चहाच्या गाड्यापासून कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलापर्यंत सध्या एकच विषय चाललाय: पुरुष संघाचे प्रशिक्षक असलेले सर बदलायचे, पण मग आणायचं कुणाला?

आधी सोयींचं बोलू, कारण त्यांत फारसं खोट काढण्यासारखं नाही. मॅट पूर्ण मापाची, 13 बाय 10 मीटर. मुलींसाठी 12 बाय 8 ची आखणी वेगळ्या रंगाच्या पट्टीने केलेली आहे, आणि निदानरेषाही, म्हणजे चढाईपटूने एकदा तरी ओलांडायची रेषा, वेगळी: पुरुषांना मध्यरेषेपासून 3.75 मीटर, मुलींना 3 मीटर. बऱ्याच ठिकाणी मुलींना पुरुषांच्याच रेषांवर खेळवतात आणि मग स्पर्धेत त्यांचं पाऊल चुकतं. इथे तसं होत नाही. आपल्याकडची बारीक धूळ मॅटवर बसली की बुटाची पकड सुटते, म्हणून सरावाआधी रोज ओल्या फडक्याने मॅट पुसून घेतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी सहालाच सुरू होऊन साडेसातला संपतो. पिण्याचं पाणी भरपूर असतं, बर्फाची पेटी हाताशी असते. एवढ्यासाठी पैकीच्या पैकी गुण.

अडतं ते खेळात, आणि तेही नेमक्या तीन जागी.

पहिली जागा डावा कोपरा. चढाईपटू निदानरेषेवर पाय टाकतो, आपला कोपरा, म्हणजे टोकाचा बचावपटू, घोटा धरतो, इथवर सगळं बरोबर. पण त्याच्या शेजारचा लेफ्ट इन अर्धा क्षण उशिरा येतो. हा अर्धा क्षण किती महाग पडतो ते हिशेबानेच बघा. निदानरेषेपासून मध्यरेषा पावणेचार मीटर. पावणेसहा-सहा फुटांचा गडी आडवा पडून हात लांबवतो तेव्हा पायाच्या बोटांपासून हाताच्या बोटांपर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे घोटा धरलेल्या आपल्या पोराला त्याने जेमतेम दीड मीटर ओढलं की काम झालं. एकटा कोपरा जमिनीवर घासत जातो, मागून धावलेले दोघं अंगाला लागतात आणि तेही बाद. एका चुकलेल्या पकडीत तीन गडी बाहेर! मॅटवर चारच उरतात, पुढच्या तीन-चार चढायांत लोण, म्हणजे सगळा संघ बाद, आणि त्याचे वरचे दोन गुण. हंगामातला जवळजवळ प्रत्येक पराभव याच वाटेने आलाय.

कारण सरावात सापडतं. दीड तासातला तासभर चढाईला जातो: हाताचा स्पर्श, पायाचा स्पर्श, डुबकी, हनुमान उडी. बचावाला उरतात वीस-पंचवीस मिनिटं, तीही सगळे सात एकदम उभे करून. बचावपटूंची हातात हात धरलेली साखळी अशी बसत नाही. कोपरा आणि इन या दोघांनाच समोर घ्यावं लागतं. आधी चढाईपटूला अर्ध्या वेगाने सोडून दहा पकडी, मग पूर्ण वेगाने दहा, मग बाजूला कव्हर, म्हणजे इनच्या पलीकडचा बचावपटू, जोडून तिघांत दहा. तिघांतला सराव सगळ्यांत मोलाचा, कारण मॅटवर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. ही अव्वल पकड नशिबाने होते असं मानणाऱ्या संघाला ती कधी मिळत नाही.

दुसरी जागा टाइम-आउट. प्रत्येक डावात दोन, प्रत्येकी 30 सेकंदांचे, आणि गडी बदलायचा तर टाइम-आउट किंवा मध्यंतरातच. सर दोन्ही टाइम-आउट शेवटासाठी राखून ठेवतात. त्यामुळे मुख्य चढाईपटू दुसऱ्या डावाच्या सोळाव्या मिनिटाला दम लागलेला असतानाही चढाईवर जातो आणि बाकावर पाच ताजे गडी नुसते बसून राहतात. दहाव्या मिनिटाच्या सुमारास एक टाइम-आउट खर्च करायलाच हवा.

तिसरी जागा आघाडी सांभाळणं. चार मिनिटं उरली आहेत आणि आपण पाच गुणांनी पुढे आहोत, असं धरा. चढाई 30 सेकंदांची. दोन्ही बाजूंनी पूर्ण वेळ घेतला तर एकूण आठ चढाया, आपल्या वाट्याला चार. रिकाम्या, म्हणजे बिनगुणाच्या, चढायांची मोजणी नव्याने सुरू झालेली असेल तर त्यांत पहिल्या दोन रिकाम्या चालतात, तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद, चौथी पुन्हा रिकामी. म्हणजे तयारी करायची ती फक्त एका चढाईची! पण आपला गडी पहिल्याच चढाईत बोनसला, म्हणजे बोनसरेषेपलीकडे पाय टाकून मिळणाऱ्या गुणासाठी, जातो. बोनस घेताना मागचा पाय हवेत लागतो, म्हणजे तो एका पायावर उभा असतो, आणि समोरचा कोपरा त्याच एका पायाची वाट बघत असतो. पकड झाली की प्रेक्षक पोराला बोल लावतात. पण रिकामी चढाई कशी घालायची हे त्याला शिकवलंय कुणी?

आता नावांकडे. चर्चेत तीन पर्याय आहेत, आणि चौथा म्हणजे आहे तेच ठेवायचं.

सगळ्यांत मोठा आवाज शहरातल्या एका जुन्या, गाजलेल्या चढाईपटूच्या बाजूने आहे. ‘त्यांना आणा की ओ, पोरं ऐकतील तरी!’ पोरं ऐकतील, खरंय. पण मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक हे समीकरण दरवेळी जुळत नाही. 2016 चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधार अनुप कुमार प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणचे प्रशिक्षक होते. पलटणला पहिलं विजेतेपद मात्र बी. सी. रमेश यांच्या हाताखाली मिळालं, 1 मार्च 2024 ला, हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढच्या हंगामात पलटणची बाद फेरी हुकली, मग अजय ठाकूर आले, तेही नावाजलेले चढाईपटूच, आणि त्यांनी संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत नेला. तेव्हा चढाईपटू नको, असं आमचं म्हणणं नाही. आपल्या संघाचं दुखणं चढाईत नाही, एवढंच म्हणणं आहे. जे आधीच ताकदीचं आहे त्यावरच आणखी एक माणूस कशाला?

दुसरा पर्याय बाहेरून पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा केलेला प्रशिक्षक आणण्याचा. व्यायामाचं वेळापत्रक, दुखापतीनंतर गड्याला हळूहळू मॅटवर आणणं, सामन्याच्या आधी भार कमी करणं, हे शास्त्र त्याच्याकडे पक्कं असतं आणि आपल्याकडे त्याची मोठी उणीव आहे. पण हंगामाच्या मध्यावर? कुणाचा कोणता खांदा दुखावलेला आहे, कोण रात्रपाळी करून सकाळी सरावाला येतो, एवढं कळायलाच दोन महिने जातील. हा पर्याय हंगाम संपल्यावर जरूर घ्यावा.

तिसरं नाव कमी ऐकू येतं, आणि आमचं मत त्याच्याच पाठीशी आहे: केंद्राचे सध्याचे सहप्रशिक्षक. स्वतः उजव्या कोपऱ्यात खेळलेले, मुलींच्या संघाचा बचाव तेच बघतात. त्या मुलींची साखळी बघा. कोपरा आणि इन यांनी बोटांत बोटं अडकवलेली नसतात, मनगटाच्या वर पंजा धरलेला असतो, म्हणजे झटका बसला तरी हात सुटत नाही आणि बोटंही दुखावत नाहीत. घोटा धरला की इन कमरेवर आणि कव्हर बाजूने छातीवर, चढाईपटूचं तोंड मध्यरेषेपासून फिरवत. हेच पुरुषांच्या संघाला हवंय, आणि ते पलीकडच्याच मॅटवर आठवड्यातून पाच दिवस चाललेलं असतं!

सरांना ठेवावं म्हणणारेही चुकीचे नाहीत. मनप्रीत सिंग यांच्या हरियाणा स्टीलर्सने तो 2024 चा अंतिम सामना गमावला, संघाने प्रशिक्षक बदलला नाही, आणि पुढच्याच हंगामात पाटणा पायरेट्सला हरवून ते विजेते झाले. फरक असा की त्यांचा बचाव तेव्हाही भक्कम होता. आपल्या सरांचा हात चढाई शिकवण्यात खरोखर चांगला आहे, म्हणून त्यांच्याकडे कुमार गट सोपवावा. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचं पदलालित्य त्यांच्यासारखं शहरात क्वचितच कुणी घडवत असेल.

मुलाला किंवा मुलीला तिथे घालावं का? मुलगी असेल तर डोळे मिटून घाला. कुमार वयाचा मुलगा असेल तरीही घाला. पुरुष गटात जाणाऱ्याने मात्र प्रशिक्षकाचा निर्णय होईपर्यंत थांबावं, आणि तोवर सराव सामना बघायला जावं. बसताना मध्यरेषेला बसू नका, डाव्या कोपऱ्याच्या मागे बसा. घोटा धरला गेला की नजर चढाईपटूवर ठेवू नका. लेफ्ट इनचा पहिला पाय कधी उचलला जातो ते बघा.