सीओटू रिअ‍ॅक्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी पाणवनस्पतींची टाकी ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १८२ लिटरची आहे. तिच्यात तीन वर्षे मी वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड (सीओटू) देण्यासाठी सिरॅमिक चकतीचा काचेचा डिफ्युझर, म्हणजे वायूचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारे साधन, वापरत होतो. त्यातून निघणाऱ्या बारीक बुडबुड्यांचा पडदा दिसायला सुंदर असतो. परंतु वरून टॉर्च मारून पाहिले की त्यातले किती बुडबुडे न विरघळता थेट पृष्ठभागावर येऊन फुटतात ते लक्षात येते, आणि सिलिंडर भरून आणण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागत असेल तर हा अपव्यय मनाला लागतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी कॅनिस्टर फिल्टरच्या (टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या) परतीच्या नळीवर बसणारा अ‍ॅक्रिलिकचा रिअ‍ॅक्टर घेतला.

त्याचे काम समजायला सोपे आहे. साधारण ४० सेंटीमीटर उंचीच्या उभ्या नळकांड्यात पाणी वरून खाली वाहते आणि वायूचे बुडबुडे त्याच्या विरुद्ध वर चढू पाहतात. त्यामुळे बुडबुडा मध्येच अडकून गोल गोल फिरत राहतो, लहान होत जातो आणि बहुतेक वेळा खालच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच नाहीसा होतो. डिफ्युझर बुडबुडा बारीक करून त्याचे पृष्ठफळ वाढवतो, तर रिअ‍ॅक्टर त्याला पाण्यात राहण्यासाठी वेळ मिळवून देतो, आणि माझ्या अनुभवात हा वेळच अधिक मोलाचा ठरला. नळकांडे पुरेसे रुंद असणे मात्र आवश्यक आहे, कारण ते अरुंद असले की पाण्याचा वेग वाढतो आणि बुडबुडे विरघळण्याआधीच टाकीत ओढले जातात.

आकड्यांत सांगायचे तर माझ्या पाण्याचे केएच, म्हणजे कार्बोनेटमुळे येणारा कठीणपणा, ४ आहे, आणि रात्रभर कपात उघडे ठेवून जादा वायू उडून गेलेल्या पाण्याचे पीएच ७.६ भरते. केएच तेच असताना पीएच जितके खाली जाईल तितका विरघळलेला वायू जास्त. डिफ्युझरवर सेकंदाला तीन बुडबुडे सोडूनही पीएच ६.८ च्या खाली जात नव्हते, म्हणजे विरघळलेला वायू लिटरमागे सुमारे १९ मिलिग्रॅम होता. रिअ‍ॅक्टरवर सेकंदाला दोनच बुडबुड्यांत ते ६.६ वर आले, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम झाले. ड्रॉप चेकरमधला (विरघळलेल्या वायूनुसार रंग बदलणारा द्रव असलेल्या काचेच्या छोट्या भांड्यातला) निळा रंग दुपारपर्यंत हिरवा झाला. तो रंग तास-दोन तास मागे चालतो, म्हणून मी पीएचवरच अधिक भरवसा ठेवतो. रोटाला या पाणवनस्पतीच्या पानांखाली ऑक्सिजनचे मोत्यांसारखे थेंब आता दिवे लागल्यानंतर तासाभरातच दिसू लागतात.

पहिल्या दिवशी मात्र मी जुन्याच सवयीने सेकंदाला तीन बुडबुडे ठेवले, आणि संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मी ताबडतोब वायू बंद केला, एअर पंप लावला, आणि सगळे मासे वाचले. तरी ते दृश्य मी विसरलेलो नाही. रिअ‍ॅक्टर बसवणाऱ्याने बुडबुडे आधी निम्मे करावेत आणि पुढचे काही दिवस हळूहळू वाढवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दोष दोन आहेत. पहिला म्हणजे फिल्टरचा प्रवाह स्पष्टपणे कमी होतो. माझ्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात गाळ साचू लागला, तेव्हा मला परतीच्या नळीची दिशा बदलावी लागली. दुसरा म्हणजे वरच्या भागात हळूहळू वायूचा कप्पा तयार होतो. त्यात न विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्यातून बाहेर पडलेला नायट्रोजन आणि ऑक्सिजनही असतो. रात्री शांततेत त्याची गुळगुळ ऐकू येते, आणि दर आठवड्याला वरचा स्क्रू सैल करून तो सोडून द्यावा लागतो. बांधणी ठीक आहे. पण झाकणाची ओ-रिंग आधी सिलिकॉन ग्रीस लावून, चिमटली जाणार नाही अशी बसवावी, कारण माझ्याकडून तेवढी काळजी घ्यायची राहिली आणि पहिल्या रात्री कपाटात वाटीभर पाणी साचले.

साठ लिटरच्या आतल्या टाकीसाठी मी हे घेणार नाही. तिथे चांगला डिफ्युझर फिल्टरच्या प्रवाहाखाली ठेवला आणि चकती दर महिन्याला पातळ ब्लीचमध्ये बुडवून, नंतर भरपूर धुऊन स्वच्छ केली, तर पुरेसा आहे. मोठ्या टाकीत, विशेषतः उन्हाळ्यात पाणी २९ अंशांवर गेले की वायू मुळातच कमी विरघळतो, आणि तिथे रिअ‍ॅक्टरने माझा सिलिंडर पूर्वीपेक्षा स्पष्टपणे अधिक दिवस पुरवला आहे.