शिमानोव्स्का की फारेंक, आधी कुणाचं वाजवायचं?

शोपाँ-लिस्ट सोडून १९व्या शतकातल्या एखाद्या बाईचं पियानो म्युझिक वाजवायचंय म्हटलं की लोक लगेच क्लारा शूमान सांगतात, पण ती आता विसरलेली वगैरे राहिलेली नाहीये. माझ्या मते खरी निवड मारिया शिमानोव्स्का (१७८९-१८३१) आणि लुईज फारेंक (१८०४-७५) यांच्यात आहे. दोघींबद्दल क्लाराचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शूमाननेच चांगलं लिहून ठेवलंय, तरी नंतर कितीतरी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही.

शिमानोव्स्का वॉर्साची, पक्की स्टेजवरची. १८२० मध्ये नवऱ्यापासून वेगळी झाली, पदरात तीन मुलं, मग युरोपभर कॉन्सर्ट करत फिरली, १८२३ ला मारिएनबादला जर्मन कवी गटेने ऐकलं तर त्याने तिच्यावर कविताच केली. तिच्या २४ मझुर्का (तीन ठोक्यांचे पोलिश नाच) छोट्या छोट्या आहेत, नोट्स वाचायला सोप्या, सगळी मजा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ठोक्यावरच्या जोरात आहे, तो गेला की साधा वॉल्ट्झ ऐकू येतो. 'ल म्युर्म्युर' हे नॉक्टर्न (रात्रीच्या मूडचा संथ, गाण्यासारखा तुकडा) तर घ्याच. डावा हात सतत वाहता ठेवायचा आणि वर उजव्याने गायचं, पण पेडल धरून ठेवलं की नुसता चिखल. तिचे २० 'एक्सरसाइझ आणि प्रील्यूड' मात्र नाव बघून मुलांना देऊ नका, हात चांगलाच ताणावा लागतो.

फारेंक पॅरिसची, तिथल्या कॉन्झर्व्हातवारमध्ये (सरकारी संगीत विद्यालयात) १८४२ ते १८७२ पियानोची प्रोफेसर, आणि पुरुषांइतका पगार तिने भांडून घेतला (१८५० मध्ये तिचं नोनेट, म्हणजे नऊ वाद्यांची रचना, गाजलं, मग कुठे मिळाला). शिकवणारी बाई असल्याने चढण नीट बांधलीये: ओपस (रचनेचा क्रमांक) ५० चे २५ एट्यूड, म्हणजे सरावाचे तुकडे, सोपे, ओपस ४२ चे मध्यम अवघड, आणि ओपस २६ चे ३० एट्यूड सगळ्या मेजर-मायनर स्केल्समधून फिरवतात, हे पुढे कॉन्झर्व्हातवारच्या क्लासेसना लावले होते. सुरुवातीला जरा कोरडं वाटेल, पण एफ शार्प मायनरमधला १० नंबर ऐका, मग बोला.

मी फारेंककडे झुकतो, कारण टेक्निक खरंच सुधारतं, पण रोज अर्धा तासच मिळत असेल आणि पाहुण्यांसमोर काहीतरी वाजवायचं असेल तर सरळ मझुर्का. स्कोअर दोघींचेही आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट आहेत. घरी ६१ कीजचा कीबोर्ड असेल तर ओपस २६ च्या नादी लागू नका, कीज पुरणार नाहीत.