हातात मावणारा रंधा: व्हेरिटासच्या लो अँगल ब्लॉक प्लेनचा दीड वर्षाचा अनुभव

फळीच्या अंगावर रंधा मारणे आणि फळीच्या टोकावर रंधा मारणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे मला घरासाठी सागवानी देव्हारा करायला घेतला तेव्हा नीट कळले. कप्प्याची फळी १८ मिलिमीटर जाडीची होती आणि करवतीचा काप रेघेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर गेला होता. तेवढेच काढायचे म्हणून मी नेहमीचा दोन हातांनी चालवायचा ४ नंबरचा लोखंडी रंधा टोकावर चालवला. तो दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा उडी मारून पुढे गेला आणि पलीकडच्या कडेची काडेपेटीतल्या काडीएवढी चीर घेऊन गेला. टोकावर लाकडाचे तंतू उभे कापावे लागतात आणि शेवटच्या तंतूंना पाठीमागून आधार नसतो, त्यामुळे जड रंधा, बोथट पाते आणि घाई यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी कड उचकटते. त्या दिवशी माझ्याकडे तिन्ही होत्या.

ब्लॉक प्लेन हा छोटा रंधा याच कामासाठी निघाला. स्टॅनले या अमेरिकी अवजार कंपनीच्या जुन्या कॅटलॉगात या नावाची हकिकत दिलेली आहे: एका हातात धरून फळ्यांची टोके रंधता यावीत यासाठी हा रंधा तयार झाला आणि टोके रंधण्याच्या त्या कामाला तिकडचे सुतार ‘ब्लॉकिंग इन’ म्हणत, म्हणून रंध्याचे नाव ‘ब्लॉक’ पडले. आपल्याकडच्या बहुतेक सुतारांच्या पेटीत तो दिसत नाही, कारण प्लाय आणि सनमायकाच्या कामात त्याची फारशी गरज पडत नाही. अखंड लाकडात काम करणाऱ्याला मात्र तो रोज लागतो.

व्हेरिटासपर्यंत पोहोचण्याआधी मी एक स्वस्त ब्लॉक प्लेन घेतला होता. त्याचे नाव इथे देत नाही, पण त्याची कहाणी सांगितल्याशिवाय महाग रंध्यात पैसे कशाचे जातात हे कळणार नाही. त्याचा तळ मधोमध खोलगट होता. १० मिलिमीटर जाडीच्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवून मी तो दोन रविवार घासला, तेव्हा कुठे तोंडाच्या, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीच्या, पुढची आणि मागची बाजू एका पातळीत आली. पाते जिथे टेकते त्या बैठकीवर रंगाचा थेंब वाळलेला होता, त्यामुळे पाते एका कोपऱ्यावर डुलत असे. खोली कमी-जास्त करणारा स्क्रू दीड फेरा रिकामाच फिरे. तळ घासता येतो, रंग खरवडता येतो, पण ढिल्या आट्यांना घरी उपाय नाही. सरळ रेषेत तो रंधा बरा चालू लागला, टोकावर मात्र शेवटपर्यंत रुसलेलाच राहिला.

आता थोडे कोनांविषयी, कारण ब्लॉक प्लेन निवडताना सगळे त्यावरच येऊन ठेपते. मोठ्या रंध्यात पात्याचा उतार, म्हणजे धारेसाठी घासलेली तिरकी बाजू, खाली असतो, ब्लॉक प्लेनमध्ये तो वर असतो. त्यामुळे लाकडाला भिडणारा कोन म्हणजे बैठकीचा कोन अधिक पात्याच्या धारेचा कोन. स्टॅनलेच्या साडेनऊ नंबरच्या घाटाच्या रंध्यात बैठक सुमारे २० अंशांची असते, म्हणजे २५ अंशांच्या धारेने कोन ४५ होतो आणि तो मोठ्या रंध्याइतकाच झाला. साडेसाठ नंबरच्या घाटात बैठक १२ अंशांची असते, म्हणून तीच धार ३७ अंशांत कापते. टोकाचे तंतू कापायला हा आठ अंशांचा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. शिवाय अशा लो अँगल, म्हणजे कमी कोनाच्या, रंध्याला ३८ अंशांची धार असलेले दुसरे पाते लावले की कोन ५० होतो आणि उलटसुलट तंतूंच्या लाकडावरही उचकटणे पुष्कळ कमी होते. उंच बैठकीच्या रंध्याला ३७ अंशांइतका कमी कोन मात्र कधीच मिळत नाही. म्हणून एकच ब्लॉक प्लेन घ्यायचा असेल तर तो १२ अंशांच्या बैठकीचा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हेरिटास हे कॅनडातल्या ली व्हॅली कंपनीचे उत्पादन. कुरिअर आणि सीमाशुल्क धरून तो मला पहिल्या रंध्याच्या दहापटीहून महाग पडला, हे आधीच सांगून टाकतो. पेटीतून काढल्यावर मी प्रथम त्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरून खिडकीच्या उजेडात पाहिले. पट्टीखालून कुठेही उजेड दिसला नाही आणि काचेचा तुकडा मी परत कपाटात ठेवला. पाते एक इंच आणि पाच अष्टमांश रुंद, म्हणजे ४१ मिलिमीटर, आणि तीन मिलिमीटरहून किंचित जाड आहे. वजन पाऊण किलोच्या आसपास आहे. खोली आणि पात्याची तिरकी चाल ही दोन्ही कामे मागचा एकच स्क्रू करतो. पात्याच्या दोन्ही अंगांना बारीक स्क्रू आहेत. ते एकदा हलके टेकवून ठेवले की पाते धारेसाठी काढून परत बसवताना जवळजवळ पहिल्याच जागी येते. रंध्याचे तोंड पुढची मूठ ढिली करून लहान-मोठे करता येते आणि ते पुढे सरकताना पात्याच्या धारेवर आदळू नये म्हणून एक अडथळ्याचा स्क्रू दिलेला आहे. या शेवटच्या स्क्रूची किंमत तोंड बंद करताना एकदा धार घालवून बसलेल्यालाच कळेल.

हा रंधा रुंद आहे. ज्यांचा पंजा लहान आहे किंवा ज्यांना मुख्यतः फळीच्या टोचणाऱ्या कडा किंचित मोडण्यासाठीच रंधा हवा आहे, त्यांना लाय-नील्सन कंपनीचा १०२ नंबरचा रंधा अधिक सुखाचा वाटेल. तो अरुंद आहे आणि हातात गोट्यासारखा बसतो. मात्र त्याचे तोंड कमी-जास्त होत नाही, म्हणून पहिला रंधा म्हणून मी तो सुचवणार नाही.

पात्याच्या पोलादाचे पर्याय आहेत. ओ१ लवकर धार घेते आणि गंजतेही लवकर. ए२ जास्त टिकते, पण त्याची धार २५ अंशांवर ठेवली तर तिचे सूक्ष्म तुकडे पडण्याची प्रवृत्ती असते, म्हणून ती ३० अंशांच्या आसपास न्यावी लागते; मग कापण्याचा कोन ४२ होतो आणि लो अँगलचा अर्धा फायदा तिथेच संपतो. सागवानात सिलिका असते आणि ती कोणत्याही धारेला खाते, त्यामुळे मी व्हेरिटासच्याच पीएम-व्ही११ या पोलादाचे पाते घेतले. पूर्वी दोन फळ्यांची टोके झाली की धारेच्या दगडाकडे जावे लागे. आता पाच-सहा होतात.

धारेबाबत एक गोष्ट मला उशिरा समजली. उतार वर असलेल्या पात्याची झीज त्याच्या सपाट पाठीवर होते, कारण लाकडाकडे तोंड करून पाठच असते. उतार घासून मागे बारीक कोर, म्हणजे बोटाला लागणारी धातूची कड, उमटली की आपण थांबतो, पण पाठीवरची झीज अजून पुरती गेलेली नसते. मग ताजी धार लावूनही रंधा दोन दिवसांत रडू लागतो आणि दोष पोलादाला दिला जातो. कोर आल्यावरही १००० नंबरच्या दगडावर आणखी काही वेळ घासावे आणि मगच ६००० नंबरच्या बारीक दगडावर जावे.

वापराचे म्हणाल तर टोक रंधताना तोंड अगदी बारीक ठेवतो, पाते पूर्ण आत घेऊन हळूहळू बाहेर काढतो आणि रंधा किंचित तिरका धरतो. एका कडेकडून निम्म्यापर्यंत यायचे आणि मग दुसऱ्या कडेकडून. एकाच दमात आरपार जायचेच असेल तर पलीकडे टाकाऊ लाकडाचा तुकडा शिकंज्याने आवळून ठेवायचा. पाते धारदार असेल तर टोकावरूनही अखंड छिलका निघतो, बोटावर ठेवला तर त्यातून बोटाची रेषा दिसते, आणि टोक असे चकाकते की त्यावरची वर्षावलये मोजता येतात. पीठ पडू लागले की समजावे, दगडाची वेळ झाली.

आमच्या सोसायटीत दारे बसवायला आलेल्या वयस्क मिस्त्रींना मी हा रंधा दाखवला. किंमत ऐकून ते हसले, पण तळावरून अंगठा फिरवून म्हणाले, “तळ सरळ आहे हो साहेब. पण दोन्ही हातांनी कुस्ती कशाला खेळताय त्याच्याशी? तळहातात मागून दाबा, बोट पुढे ठेवा.” मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून त्यांनी तळावर दोन रेघा ओढल्या आणि रंधा माझ्या हाती परत दिला. तो लाकडावरून साबणासारखा घसरला. तेव्हापासून मेणबत्ती माझ्या टेबलावरच असते.

पावसाळ्यात हा रंधा आमच्या घराच्याही कामी आला. फुगलेल्या बाथरूमच्या दाराची वरची कड दार बिजागरीतून न काढता, स्टुलावर उभे राहून एका हाताने रंधता आली; मोठ्या रंध्याने ते जमले नसते. मात्र ओतीव लोखंडाला आपल्याकडची जुलै-ऑगस्टची हवा सोसत नाही. काम संपले की मी पाते पुसतो, तळावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवतो आणि रंधा जुन्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. मागच्या गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत तो चार दिवस गॅलरीत राहिला, तर पुढच्या मुठीभोवती तांबूस कड आली. बारीक स्टील वूलने ती गेली, पण तिथला रंग अजून किंचित वेगळा दिसतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने थेट हाच घ्यावा का? धारेचे दगड अजून घेतलेले नसतील तर नाही. आधी दगड घ्यावेत, एक बरी पटाशी त्यांवर लावून पाहावी, आणि ती टोकाचे लाकूड न चुरडता कापू लागली की मग रंध्याचे पैसे बाजूला काढावेत.