नूवो की एनव्हिडियाचा ड्रायव्हर? आधी कार्डाची पिढी बघा

भाच्याने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "मामा, विंडोजवर ब्लेंडर झरझर चालायचं. लिनक्स टाकल्यापासून साधं मॉडेल फिरवलं तरी अडखळतंय." ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, जीटीएक्स १०५०. ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) लॅपटॉपमधल्या इंटेलच्या चिपवर नाही, याच कार्डावर चालतंय ना, ते आधी तपासलं. मग एक जड सीन उघडला, फिरवत राहिलो आणि हात कीबोर्डवर ठेवला. पाच मिनिटं झाली तरी लॅपटॉप थंडगार, पंखा गप्प. खरं काम करणारं ग्राफिक्स कार्ड इतकं थंड राहत नाही.

मशीनवर कार्ड चालवायला नूवो हा ड्रायव्हर होता. एनव्हिडियाच्या कार्डांचा तपशील बाहेरून उलगडत स्वयंसेवकांनी लिहिलेला हा मुक्त ड्रायव्हर २०१० पासून लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, येतो. त्यामुळे इन्स्टॉल झाल्या झाल्या स्क्रीन दिसते आणि काही टाकायची गरज भासत नाही. मात्र जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि ९०० आणि १००० मालिकांसाठी नूवोला त्यातला हा भाग कधी मिळालाच नाही. कार्ड सुरू होताना ज्या कमी वेगावर असतं, तिथेच ते अडकून राहतं. सेटिंग कितीही बदला, फरक पडत नाही. नूवोवर काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे आणि हा दोष त्यांचा नाही. पण १०५० किंवा १०६० असेल तर निवड करायला काही उरतच नाही. एनव्हिडियाचाच ड्रायव्हर घ्या.

त्यातही कोणती आवृत्ती, हे महत्त्वाचं. ५८० ही मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांना चालणारी शेवटची शाखा. म्हणजे ९०० आणि १००० मालिकांचे लोक तिथेच थांबणार. आर्चसारख्या रोलिंग, म्हणजे सतत अपडेट होत राहणाऱ्या, डिस्ट्रोवर (लिनक्सच्या प्रकारावर) मुख्य पॅकेज त्यापुढे गेलेलं आहे. तिथे ५८० चं वेगळं पॅकेज एयूआर या वापरकर्त्यांच्या संग्रहातून घ्यावं लागतं, नाहीतर एका साध्या अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलं की डेस्कटॉपच येत नाही.

जुन्या कार्डांचं गणित याच्या उलट आहे. जीटी ७१० सारखी केप्लर पिढीची कार्डं अजून पुष्कळ ऑफिसच्या मशिन्समध्ये आहेत. त्यांच्यासाठी एनव्हिडियाची ४७० ही शेवटची शाखा, आणि नव्या कर्नलवर ती बसवायची तर पॅचेस (कोडमधल्या दुरुस्त्या) शोधत बसावं लागतं. या पिढीवर नूवोला क्लॉक बदलता येतो, फक्त तो आपोआप बदलत नाही. रूट (प्रशासक) होऊन डीबगएफएस या कर्नलच्या खास फोल्डरमधली पीस्टेट नावाची फाइल उघडली की ०७, ०ए, ०एफ असे टप्पे दिसतात. बहुतेक कार्डांवर ०एफ हा सर्वांत वरचा. तो कोड त्याच फाइलमध्ये लिहिला की वेग वाढतो. प्रत्येक बूटनंतर हे पुन्हा करावं लागतं, म्हणून छोटी स्क्रिप्ट करून ठेवा. दोन मॉनिटर, ब्राउझर, कागदपत्रं एवढंच काम असेल तर मी इथे नूवोच ठेवेन.

खरा विचार करायला लागतो तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स १६५०, आरटीएक्स २०६० आणि नंतरची कार्डं. यांच्यात जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर असतो आणि क्लॉक सांभाळायचं काम त्याचं फर्मवेअर करतं. कर्नल ६.७ पासून नूवो त्या फर्मवेअरशी बोलू शकतो. सोबत मेसा या मुक्त ग्राफिक्स संचातला एनव्हीके हा व्हल्कनचा (गेम वापरतात त्या थ्रीडी प्रणालीचा) ड्रायव्हर २०२४ च्या २४.१ आवृत्तीपासून प्रायोगिक राहिलेला नाही. डेबियन १२ वर असाल तर मूळ कर्नल ६.१ आहे, तिथे यातलं काही मिळणार नाही. डेबियन १३ वर ६.१२ आहे. नव्या डिस्ट्रोवर डेस्कटॉप आणि हलके गेम यांना मुक्त ड्रायव्हर पुरतो. पण क्यूडा (कार्डावर गणितं करायची एनव्हिडियाची प्रणाली) लागणारं काहीही असेल, ब्लेंडरमध्ये सायकल्स या इंजिनचं रेंडर (अंतिम चित्र) कार्डावर करायचं असेल, तर नूवोवर तो पर्यायच दिसत नाही. जड गेममध्येही एनव्हिडियाचाच ड्रायव्हर पुढे आहे.

इथे एक गोंधळ हमखास होतो. एनव्हिडियाने २०२२ मध्ये आपली कर्नल मोड्युल्स (ड्रायव्हरचे कर्नलमध्ये बसणारे भाग) खुली केली, तीही ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांसाठीच. पॅकेजच्या नावात 'ओपन' दिसलं म्हणून तो नूवो नव्हे. कर्नलमधला भाग तेवढा खुला, ओपनजीएल आणि व्हल्कनची बाजू अजून बंदच.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची खरी किंमत देखभालीत मोजावी लागते. नूवो कर्नलसोबत येतो आणि त्याच्यासोबतच अपडेट होतो. एनव्हिडियाचा बाहेरून येतो, बऱ्याच डिस्ट्रोंवर प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मोड्युल पुन्हा बांधावं लागतं. म्हणून तो वेबसाइटवरून उतरवून टाकू नका, डिस्ट्रोच्या पॅकेजमधूनच घ्या. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या संग्रहाचं पॅकेज टाकलंत तर लगेच रीस्टार्ट करू नका, मागे मोड्युल बांधलं जात असतं आणि त्याला काही मिनिटं लागतात.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं मोड्युल नाकारणारी सोय. भाच्याच्या मशीनवर मी ५८० टाकला, इन्स्टॉलरने विचारलेला पासवर्ड दिला आणि त्याला रीस्टार्ट करायला सांगितलं. निळा पडदा आला. त्याने घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं. त्या पडद्यावर 'एनरोल मोक' (सहीची चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो, तरच घरी बांधलेल्या मोड्युलची सही कर्नलला मान्य होते. परिणाम असा की एनव्हिडियाचं मोड्युल कर्नलने नाकारलं, नूवो आधीच बंद केलेला, आणि सगळा भार इंटेलच्या चिपवर. ज्या डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये अशी दुसरी चिप नसते, तिथे जीएलएक्सइन्फो या कमांडमध्ये रेंडररच्या नावापुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसतं. याचा अर्थ चित्र सीपीयू काढतोय. ड्रायव्हर बदलायचा विचार करण्याआधी ही एक ओळ जरूर वाचा.

लॅपटॉपवर बॅटरीचाही हिशेब आहे. कार्ड रिकामं असताना पूर्ण झोपवायची सोय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ट्युरिंगपासूनच आहे. भाच्याच्या १०५० ला ती नाही, त्यामुळे कॉलेजात नोट्स काढताना तो इंटेलवर राहतो आणि घरी आला की एनव्हिडियावर जातो.

चावी नोंदवून पुन्हा बूट केलं. एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड चालवली तेव्हा कार्ड पी८ वर, म्हणजे आरामात होतं. ब्लेंडरमध्ये तोच सीन फिरवला, आकडा पी०, म्हणजे पूर्ण वेगाचा, झाला, आणि मिनिटभरात पंख्याचा आवाज सुरू झाला.