बांधाच्या भांडणात डोकं फुटलं, इथं आधी टाके घातले मग कागद

चार स्टार. एक का कापला ते शेवटी सांगतो.

पेरणीच्या टायमाला बांधावरून भावकीत भांडण झालं अन् माझ्या मेव्हण्याच्या डोक्यात काठी बसली. तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं तर काउंटरवरूनच म्हणले पोलीस केस हाय, आधी ठाण्यातून यादी, म्हणजे पोलिसांचं तपासणीचं पत्र, आणा. इकडं रक्त कॉलरमधून खाली गळायलं अन् हे यादी मागायलेत! तिथून गाडी वळवली ती थेट परभणीला, या दवाखान्यात.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी काही न विचारता टाके घातले. मी यादीचं विचारलं तर म्हणल्या, सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय, सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचं नंतर.

मग एमएलसी, म्हणजे पोलीस केसच्या जखमेची डॉक्टरनं करायची नोंद. मेव्हणा हळूच म्हणला, मॅडम घसरून पडलो असं लिहा, भावकीतलं हाय, मिटवून घेऊ. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणल्या, मिटवायचं का नाही ते तुम्ही बघा, मला खोटं लिहिता येत नाही. पट्टी लावून जखम मोजली, कशानं मारलं ते त्याच्या तोंडून ऐकून लिहिलं, किती वाजता आला ते, ओळखीसाठी मानेवरचा तीळ, अंगठा. रक्ताचा शर्टसुद्धा पाकिटात घालून सील केला. ठाण्याला कळवलं पण त्यांनीच, आम्हाला पळवलं नाही.

आठ दिवसांनी समोरचे गावभर सांगायले की हा दारू पिऊन पडला. त्या टायमाला तो एक कागद नसता तर आमचं कोण ऐकलं असतं सांगा.

भिंतीवर पाटी पण हाय, बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याच्या पेशंटला लगेच मोफत उपचार अन् पोलिसांना लगेच खबर, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९७. लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराचं कळूनही पोलिसांना कळवलं नाही तर पॉक्सो कायद्याखाली ६ महिन्यांपर्यंत कैद, हे पण लिहिलंय. प्रत्येक दवाखान्यात ही पाटी पाहिजे, अन् काउंटरवरच्या पोरांना ती पाठ पाहिजे.

स्टार कापला तो जखमेच्या सर्टिफिकेटसाठी. तपासाच्या जमादारांना तीन चकरा मारायला लावल्या, सही करणारे साहेब सुट्टीवर म्हणे. अन् रात्री सीटी स्कॅनला बाहेर जावं लागलं. रात्री येणार असाल तर मागच्या गेटनं या, पुढचं दहाला बंद करतात.