ऑक्सिजन अॅनालायझरचे कॅलिब्रेशन : मोकळी हवा की सिलिंडरमधला वायू?

ऑक्सिजन अॅनालायझर, म्हणजे वायूतील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे यंत्र, कॅलिब्रेट करताना, म्हणजे त्याचा आकडा ज्ञात प्रमाणाशी जुळवताना, सहसा दोन मार्ग समोर असतात. एक म्हणजे मोकळ्या हवेत आकडा २०.९ टक्क्यांवर आणणे आणि दुसरा म्हणजे प्रमाणित मिश्रणाच्या सिलिंडरमधून ज्ञात प्रमाणाचा वायू सेन्सरवर सोडणे. पहिला मार्ग बिनखर्चाचा आणि झटपट असल्याने तोच आधी सुचतो. परंतु यंत्र पुढे कोणत्या पट्ट्यात मोजणार आहे, हे पाहूनच निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी वापरायच्या हातातल्या मीटरला हवा चालते, कारण त्याच्या अलार्मच्या सर्वसाधारण मर्यादा, म्हणजे १९.५ आणि २३.५ टक्के, हवेतील प्रमाणाच्या जवळ आहेत. मात्र ती हवा खरोखर स्वच्छ असली पाहिजे. समजा, टाकीच्या तोंडाशी, जिथे आतला वायू बाहेर येत असल्याने ऑक्सिजन प्रत्यक्षात १९ टक्केच आहे, तिथे उभे राहून कोणी कॅलिब्रेशनचे बटण दाबले, तर मीटर त्या १९ लाच २०.९ मानू लागतो. पुढे टाकीत खरे प्रमाण १८ टक्क्यांवर आले, तरी पडद्यावर १९.८ दिसते आणि अलार्म गप्प राहतो. अशा वेळी शरीरही भरवशाची सूचना देत नाही, कारण जीव गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते, ऑक्सिजन घटल्यामुळे नव्हे. म्हणून हे बटण कामाच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊनच दाबावे.

दमट हवेचाही विचार करावा लागतो. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो, पण ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेत वाफेने जागा घेतल्यामुळे तो सुमारे २०.१ टक्के उरतो. गॅल्व्हॅनिक सेन्सर (रासायनिक अभिक्रियेतून वीज निर्माण करणारा) ऑक्सिजनचा अंशदाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, मोजत असल्याने, दाबाची भरपाई करणारी सोय यंत्रात नसेल, तर उंचावरच्या ठिकाणी गेल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते.

नायट्रोजनने भरलेल्या टाकीत अर्धा टक्का ऑक्सिजन मोजायचा असेल, तर हवेच्या एका बिंदूवर विसंबणे मला मान्य नाही. ०.३ टक्क्यांची शून्याची चूक २०.९ वर दिसतही नाही, पण अर्ध्या टक्क्यावर ती निर्णय फिरवते. इथे शुद्ध नायट्रोजनने शून्य तपासावे आणि मोजमापाच्या पट्ट्यातल्या मिश्रणाने स्पॅन, म्हणजे शून्यापलीकडचा दुसरा संदर्भ आकडा, लावावा. नायट्रोजन सोडूनही आकडा ०.४ वर अडला, तर लगेच शून्य जुळवू नये. प्रवाह थोडा वाढवल्यावर आकडा खाली आला, तर बहुधा नळीच्या एखाद्या सांध्यातून हवा आत शिरत असते; तेव्हा शून्य जुळवले, तर गळती झाकली जाते. झिर्कोनिया सेन्सरला (तापवलेल्या सिरॅमिकच्या सेन्सरला) मात्र शुद्ध नायट्रोजन हा योग्य संदर्भ नाही, कारण त्याचा प्रतिसाद लॉगरिदमिक असतो, म्हणजे शून्य ऑक्सिजनला त्याच्याकडे ठराविक आकडाच नसतो. त्याला थोडा ऑक्सिजन असलेले मिश्रण लागते. तो सुमारे ७०० अंशांवर तापलेला असल्याने ज्वलनशील वायू त्याच्यापर्यंत पोहोचू देऊ नये.

सिलिंडरची अचूकता घेताना त्याचा धोकाही सांभाळावा लागतो. ४७ लिटरच्या, १५० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ ७ घनमीटर नायट्रोजन असतो. तो २७ घनमीटरच्या बंद खोलीत गळून मिसळला, तर ऑक्सिजन सुमारे १६ टक्क्यांपर्यंत उतरतो. ऑक्सिजनचा सिलिंडर असेल, तर धोका आगीचा असतो. त्याच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये आणि झडप हळूहळू उघडावी. दोन्ही बाबतींत यंत्रातून बाहेर पडणारा वायू नळीने खोलीबाहेर न्यावा. ती नळी दुमडली, तर सेन्सरवर दाब वाढून आकडाही चुकतो.

हातातल्या मीटरसाठी मी हवाच निवडेन, पण कमी ऑक्सिजनच्या वायूने अलार्म खरोखर वाजतो का, हे दर वापरापूर्वी पाहीन.