संपाच्या आठवड्यातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना: आमच्या राणीच्या बाजूने

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याबद्दल लिहायचे तर मार्च २०२३ मधल्या जुन्या पेन्शनच्या संपाचा आठवडा धरूनच लिहावे लागेल, कारण ही सेवा कोणाच्या जिवावर चालते ते आम्हाला त्या आठवड्यात कळले, आणि तेही आमच्या राणी कुत्रीच्या वागण्यावरून.

११ मार्चला, शनिवारी, एका मोकाट कुत्र्याने तिच्या मागच्या पायाचा चावा घेतला. त्या दिवशी मिळालेली सेवा उत्तम होती. नाममात्र शुल्कात केसपेपर निघाला, ड्रेसरदादांनी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतली, टाके न घालता ती उघडी ठेवली, आणि डॉक्टरांनी रेबीजच्या लसीचा पहिला डोस देऊन तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचे पुढचे डोस केसपेपरवर लिहून दिले. त्यातला तिसरा दिवस होता १४ मार्च, आणि त्याच दिवसापासून राज्यातले लाखो सरकारी-निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले.

दवाखान्याचे दार त्या मंगळवारी उघडे होते. राजपत्रित अधिकारी तेव्हा संपात उतरलेले नसल्यामुळे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे आमचे डॉक्टर, खुर्चीवर हजर होते आणि लसही फ्रिजमध्ये होती; नव्हते ते ड्रेसर आणि परिचर. कागदावर पाहिले तर सेवा चालूच होती. राणीच्या लेखी मात्र ती बंद पडली होती. तिला पदनामे कळत नाहीत. तिला ठाऊक असतो तो फिनेलचा आणि आधी येऊन गेलेल्या शेळ्यांचा वास, पायाखालचा गार पत्रा, आणि त्या पत्र्यावर चढवण्याआधी खाली उकिडवे बसून स्वतःची मूठ हुंगायला देणारा एक माणूस. तो माणूस दिसेना, तेव्हा ती उंबऱ्यातच पाय रोवून बसली, डॉक्टरांनी तोंडाला पट्टी बांधायचा प्रयत्न करताच गुरगुरली, आणि एकट्या माणसाला सुई आणि कुत्रे दोन्ही सांभाळणे शक्य नव्हते.

संपकरी तहसील कचेरीसमोर बसले होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणांनी राणीचे कान मागे गेले होते, पण त्या गर्दीतही तिने ड्रेसरदादांना वासावरून शोधले आणि शेपटी हलवत दोरी ओढली. त्यांनी संप मोडला नाही, आणि तो मोडावा असे मला वाटलेही नाही. मात्र तिथेच, झाडाखाली, त्यांनी मला तिला धरायचे कसे ते शिकवले. एक हात मानेखालून घालून डोके आपल्या खांद्याशी घट्ट घ्यायचे, दुसऱ्या हाताने पोटाखालून आधार द्यायचा, आणि सुई टोचेपर्यंत तिच्याशी बोलत राहायचे. दुपारी त्याच पद्धतीने तो डोस झाला. १८ तारखेचा डोसही मीच धरून दिला. संप २० मार्चला मागे घेतला गेला, आणि चौदाव्या दिवशी राणी स्वतःहून टेबलाजवळ गेली.

ज्या हाताला जनावर ओळखते, त्या हाताच्या म्हातारपणाची ही लढाई होती. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांना तेव्हा जुनी पेन्शन नव्हती. त्यांच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यातून १० टक्के रक्कम कापली जात होती, सरकार १४ टक्के घालत होते, आणि निवृत्तीनंतर हाती काय येईल ते बाजारावर अवलंबून होते. जुन्या योजनेत शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाई भत्ता ठरलेला असे. उभ्या नोकरीत गाईम्हशींच्या लाथा आणि कुत्र्यांचे दात सोसणाऱ्या माणसाने ही निश्चिती मागावी, यात मला काहीही गैर वाटत नाही. सरकारी तिजोरीवरच्या भाराचा मुद्दाही खरा आहे, पण तो भार मोजताना या कामाची किंमतही मोजली गेली पाहिजे.

तक्रार एकच आहे आणि ती व्यवस्थापनाकडे आहे. संपाची नोटीस आधी मिळालेली असते. तरीही रेबीजच्या लसीचे पुढचे डोस कोणाकोणाचे बाकी आहेत याची यादी काढली नव्हती, मदतीला कोणाची व्यवस्था नव्हती, दारावर सूचनाही नव्हती. त्याच आठवड्यात राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली होती, म्हणजे गोठ्यातली जनावरेही उपचारासाठी येणारच होती. या लसीचे वेळापत्रक चुकवून चालत नाही, आणि सगळ्यांनाच खासगी दवाखाना परवडत नाही.

उपचार, स्वच्छता आणि माणसांचे वागणे यांसाठी हा दवाखाना मी निःशंकपणे सुचवेन. जनावर बुजरे असेल तर सकाळी लवकर, गुरांची गर्दी व्हायच्या आत न्यावे, केसपेपर जपून ठेवावा, आणि पुढच्या डोसच्या दिवशी कोण हजर असणार आहे ते निघतानाच विचारून घ्यावे.